दोन सह्यांची रजा

आमचं ऑफिस म्हणजे एक लांबलचक पोर्टा केबिन. या आखाती शहरातली मुऐदरची वस्ती संपली की पुढे आमच्या साइटचं कुंपण लागतं, त्या कुंपणाला ती चिकटून उभी आहे. एका टोकाला जपानी साहेबांची खोली, दुसऱ्या टोकाला कोरियन साहेबांची आणि मधल्या बोळात माझं टेबल. काम दोन कंपन्यांनी भागीदारीत घेतलेलं, त्यामुळे साहेब दोन, शिक्के दोन, चहाच्या किटल्यासुद्धा दोन. माझ्या पाठीमागे एक खिडकी आहे. ती उघडत नाही. उघडत असती तरी वर्षातले सहा-सात महिने ती कुणी उघडली नसती, हा भाग वेगळा.

हुद्द्याने मी डॉक्युमेंट कंट्रोलर. साइटवर जे जे होतं त्याचा कागद माझ्या हातून जातो. ड्रॉइंग, तपासणीचे फॉर्म, पत्रं, त्यांची उत्तरं. पण चार वर्षांत माझ्याकडे एक बिनपगारी कामही आपोआप आलं होतं. दोन साहेबांच्या मनात आज काय चाललंय ते बाकीच्यांना सांगायचं. इंजिनिअर फाइल काखेत मारून यायचे, माझ्या टेबलापाशी थांबायचे आणि हळूच विचारायचे, "आत जाऊ का?" मी एकदा डावीकडे बघायचो, एकदा उजवीकडे आणि सांगायचो, "आत्ता नको. जेवणानंतर ये." माझा अंदाज सहसा चुकायचा नाही. त्याची मला घमेंड होती, हे आधीच सांगून टाकतो.

जपानी साहेबांचा राग ओळखायला मला पहिलं वर्ष लागलं. राग आला की त्यांचा आवाज खाली जायचा आणि नम्रता वाढायची. एकदा चुकीच्या मापाचे पाइप येऊन पडले, तेव्हा ते पाठवणाऱ्या माणसाला त्यांनी दोनदा "आपल्याला तसदी देतोय" म्हटलं, आणि तो माणूस खूश होऊन गेला. पुढच्या महिन्यापासून त्याची ऑर्डर बंद. एकदा सकाळच्या मीटिंगमध्ये ते हसऱ्या चेहऱ्याने म्हणाले, की आज दुपारी थोडा वेळ मी नसेन, क्षमा असावी, माझे थोरले भाऊ वारले. आम्ही सगळे त्या हसण्याकडे बघत राहिलो. मला तर तेव्हा त्यांचा रागच आला, हा कसला माणूस म्हणून. बऱ्याच दिवसांनी मी धीर करून विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं, "दुःख माझं आहे. मी ते चेहऱ्यावर आणलं, तर तुम्हा सगळ्यांना ते उचलावं लागेल. तुमच्या हातात आधीच किती काम असतं." त्यांच्याकडे सोसण्याला एक शब्द आहे, गामान. तो उच्चारताना ते पाठ सरळ करून बसायचे.

कोरियन साहेबांचं सगळं उलट. त्यांना राग आला की केबिनची पत्र्याची भिंत थरथरायची. ओरडून झालं, की अर्ध्या तासाने ते स्वतःच त्या माणसाला शोधत यायचे आणि विचारायचे, "जेवलास का?" एकदा असंच कुणावर तरी बरसून झाल्यावर ते माझ्या टेबलाच्या कडेवर बसले, छातीवर मुठीने दोन-तीनदा आपटलं आणि म्हणाले, "दाप्दाप." मग इंग्रजीत समजावलं, की खिडकी नसलेल्या खोलीत कोंडल्यावर होतं तसं इथे होतं, मनातलं बाहेर काढता आलं नाही की. ते आत ठेवलं तर माणूस आजारी पडतो. त्यांची आई तशीच आजारी पडली होती. सासरी वीस वर्षं तिने राग गिळला आणि पुढे छातीत गोळा आल्यासारखं होऊन अंथरुणाला खिळली. त्यांच्याकडच्या डॉक्टरांकडे त्या दुखण्याला वेगळं नाव आहे म्हणे. "म्हणून मी ओरडतो," ते म्हणाले. "तब्येतीसाठी."

दोन माणसांवरून दोन देश सांगणारा मी कोण? पण रोज दहा तास त्या दोघांच्या मधे बसल्यावर माणूस आपले ठोकताळे बांधतोच. माझा सगळ्यात आवडता ठोकताळा बेदाण्यांचा होता. मी तासगावचा. सुट्टीहून येताना आई बेदाण्यांच्या पिशव्या देते, कितीही नको म्हटलं तरी. पहिल्या वर्षी मी दोन्ही साहेबांना एकेक पिशवी दिली. जपानी साहेबांनी ती दोन्ही हातांनी घेतली, एवढी मौल्यवान वस्तू मी कशी घेऊ म्हणाले, आणि तिसऱ्या दिवशी कागदात सुरेख गुंडाळलेला चहाचा डबा माझ्या टेबलावर आणून ठेवला. घेतलेल्याचं ओझं त्यांना तीन दिवससुद्धा ठेववत नव्हतं. कोरियन साहेबांनी पिशवी तिथेच दातांनी फाडली, मूठभर तोंडात टाकले, आणि आभाराचा चकार शब्द काढला नाही. आठवड्याने मी टेबलावर नसताना माझा खण उघडून त्यांनी माझ्या वाट्याची पिशवीही संपवली. तेव्हापासून माझा खण त्यांचा आणि त्यांच्या खोलीतला तिखट कोबीचा डबा माझा, असं ठरूनच गेलं.

हे सगळं मला कळत होतं. म्हणूनच जूनमध्ये जे झालं त्याचा दोष मला दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही.

एका रविवारी, म्हणजे आमच्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, सकाळी दादाचा फोन आला. आईच्या हृदयाची एक झडप बदलायची होती. त्याचं महिनाभर बोलणं चालू होतं, आता तारीख ठरली. येत्या शनिवारी सकाळी, मिरजेला. मग आईने फोन घेतला.

"तू येऊ नको बघ," ती म्हणाली. "हितं सगळी हायती. दादा हाय, वहिनी हाय. तू आन् काय करणार येऊन? पोरीची शाळा हाय."

"शाळेला आता सुट्टी लागतेय, आई."

"मग उन्हातानाचं कशाला? येऊ नको. फोनवर बोलतोयसच की. उगं येऊ नको."

मी म्हटलं, बघतो. खरं सांगायचं तर मला तेव्हाच जायचं होतं. झडप बदलायची म्हणजे छाती उघडायची. आईने साठ वर्षांत दात काढायलाही कधी टेबलावर पाठ टेकली नव्हती. तिला आत नेण्याआधी मला तिच्याजवळ उभं राहायचं होतं, बस, एवढंच. पण ती नको म्हणतेय याचा मनात कुठेतरी आधारही वाटला. नाहीच जमलं, तर तिनेच नको म्हटलं होतं, असा.

आमच्याकडे रजेच्या फॉर्मवर दोन सह्या लागतात. आधी जपानी साहेबांची, मग कोरियन साहेबांची. सह्या नसताना गेलो, तर ती गैरहजेरी. माझा करार ऑगस्टमध्ये संपणार होता, तो वाढणार की नाही हे अजून कळलं नव्हतं, आणि बायको नि मुलगी माझ्या व्हिसावर होत्या. पासपोर्ट माझ्याच कपाटात होता, विमानतळ अर्ध्या तासावर होता. तरी त्या एका कागदाशिवाय मला पाऊल उचलता येत नव्हतं.

मी फॉर्म भरला आणि डावीकडच्या खोलीत गेलो. जपानी साहेबांनी तो दोन्ही हातांनी घेतला. वाचला. पुन्हा वाचला. मान एका बाजूला कलती केली, दातांमधून हळूच हवा आत ओढली आणि म्हणाले, "पुढच्या आठवड्यात क्लायंटची तपासणी आहे. थोडं अवघड आहे. मी विचार करतो." मग त्यांनी आईबद्दल विचारलं. वय किती, झोप लागते का, डॉक्टर चांगले आहेत ना. फार मायेने विचारलं.

दुसऱ्या कुणाची फाइल असती, तर मी ती दातांमधली हवा ऐकूनच त्याला सांगितलं असतं, की बाबा, हे नाही म्हणतायत, दुसरा मार्ग बघ. पण स्वतःचा फॉर्म हातात आला आणि मी परत तासगावचा झालो. आमच्याकडे जो साहेब गोड बोलतो आणि आईची विचारपूस करतो, तो काम करतोच. वेळ लावेल, पण करेल. मी टेबलावर येऊन विमानाच्या वेळा बघायला लागलो.

सोमवारी मी विचारलं नाही, मागे लागणं बरं दिसत नाही म्हणून. मंगळवारी मी दारातून नुसतं डोकावलो. त्यांनी मान लववली आणि म्हणाले, "तुम्ही फार शांतपणे घेताय. मला त्याचा आदर वाटतो." मला वाटलं, परीक्षा चालू आहे आणि मी पास होतोय. उजवीकडच्या खोलीत मी गेलोच नाही. नियमाने तिकडची सही नंतरची, आणि दोन साहेबांत आधी कुणाला कळलं यावरून रुसवेफुगवे नकोत, असा माझा हुशार विचार. कोरियन साहेब त्या दिवसांत दोनदा माझ्याशेजारी बसून जेवले. एकदा त्यांनी विचारलंही, "चेहरा असा का?" मी म्हटलं, ऊन.

बुधवारी जपानी साहेब स्वतः माझ्या टेबलापाशी आले. हातात कागदात गुंडाळलेला एक खोका होता, त्यावर बारीक सुतळी. "तुमच्या आईंसाठी," ते म्हणाले. "फार साधी गोष्ट आहे." आत तांदळाची मिठाई होती आणि एक छोटं पत्र, इंग्रजीत, आईंना लवकर आराम पडो असं. ते कमरेतून वाकले. मीही वाकलो. घरी जाताना बिन महमूदच्या सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा शेजारच्या सीटवरच्या खोक्याकडे बघून मी चक्क हसलो.

बायकोने खोका उलटसुलट करून बघितला.

"रजा झाली का मग?"

"झाल्यातच जमा आहे. आईसाठी मिठाई दिली माणसाने. हातात घेऊन मीच जाणार ना ती?"

"सही कुठाय?"

"होईल गं उद्या."

"आजारी माणसाला पाठवतात तसं दिसतंय हे," ती म्हणाली. "जाणाऱ्याला देतात तसं नाही." मी तिच्यावर चिडलो. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावरच असतो, आणि खरं बोलणाऱ्यावर तो आधी निघतो. तिने खोका फ्रीजवर ठेवून दिला.

गुरुवारी, आठवड्याच्या शेवटच्या दिवशी, मी आत जाऊन स्पष्ट विचारलं. फॉर्म त्यांच्या ट्रेमध्ये जसाच्या तसा पडला होता. जपानी साहेबांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा मला काहीतरी दिसलं, वेदना म्हणावी असं. "मला वाटलं तुम्हाला कळलंय," ते म्हणाले. "रविवारीच मी सांगितलं होतं. तपासणीचे सगळे कागद फक्त तुम्हाला माहीत आहेत. कृपया समजून घ्या." म्हणजे नाही हे रविवारीच झालं होतं. मंगळवारचं कौतुक माझ्या सोसण्याचं होतं. आणि मिठाई म्हणजे आपण या माणसाला सोडू शकत नाही याची त्यांनी केलेली भरपाई. चार दिवस मी बंद दारासमोर उभा होतो आणि आत माझ्यासाठी ताट वाढलंय असं समजत होतो.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण त्यांच्यासमोर ती दाखवता येईना. ट्रेमधला फॉर्म उचलला आणि पहिली सही नसताना, नियम मोडून, सरळ उजवीकडच्या खोलीत शिरलो.

कोरियन साहेबांनी फॉर्म वाचला आणि त्यांचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला.

"आईचं ऑपरेशन? परवा?"

"हो."

"तुला कधी कळलं?"

"रविवारी."

त्यांनी हातातलं पेन टेबलावर आपटलं. ते उडून भिंतीवर गेलं. "चार दिवस! चार दिवस मी तुझ्या शेजारी बसून जेवतोय! चेहरा असा का विचारलं तर ऊन म्हणालास! तुझ्या आईने सुकवलेली द्राक्षं मी खातो, आणि तिची छाती उघडणार आहेत हे मला शेवटच्या दिवशी कागदावर वाचायचं?" पुढे ते कोरियनमध्ये गेले. फॉर्म त्यांनी खणात फेकला आणि खण धाडकन लावला. बोळात सगळे श्वास रोखून उभे होते. मी बाहेर आलो. छाती अशी आवळली होती, की त्यांचा तो शब्द मला त्या क्षणी कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

इथे मी माझी चूक केली. मी रुसलो.

हा आमचा खास प्रकार आहे, आणि तो मी डावीकडून शिकलो नाही की उजवीकडून. आपलं म्हटलेल्या माणसाने दुखावलं, की भांडायचं नाही, बोलायचं नाही, आपण असल्याचा मागमूसही ठेवायचा नाही. त्याने यावं, विचारावं, समजूत काढावी. लहानपणी मी रुसून माळ्यावर जाऊन बसायचो आणि आई खालून ताट वाजवायची. चाळिशी ओलांडलेल्या माणसाने पोर्टा केबिनमध्ये तेच केलं. दोन वाजता मी बॅग उचलली, कुणालाही न सांगता घरी आलो, आणि ऑफिसचा मोबाईल बंद करून स्वयंपाकघरात कणकेच्या डब्यामागे टाकून दिला. रविवारपर्यंत तो बघायचा नाही, असं ठरवलं. दादाचे फोन माझ्या स्वतःच्या मोबाईलवर यायचे, तेवढा चालू ठेवला.

शुक्रवार-शनिवार सुट्टी. बाहेर उन्हाने रस्ता पांढरा पडला होता. दोन दिवस मी खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारल्या. एसीचा आवाज, बंद काचा, सोफ्यावर मुलगी, फ्रीजवर तो खोका. बायको म्हणाली, "विचार ना पुन्हा. सुट्टी असली तरी फोन कर साहेबांना." मी म्हटलं, "त्यांनी फॉर्म खणात फेकला. आता काय पाया पडू?" ती म्हणाली, "पड." मी ऐकलं नाही. तिकीट काढून तसंच निघून जावं, हा विचार किती वेळा आला आणि किती वेळा मुलीच्या शाळेकडे, ऑगस्टकडे, व्हिसाकडे बघून मागे फिरला, ते मलाच माहीत.

शनिवारी सकाळी आठ वाजता मी मोबाईल हातात घेऊन बसलो. साडेनऊला दादाचा फोन आला.

"आज नाही झालं रे. सोमवारी घेणार."

"का? काय झालं?"

"उपाशीपोटी असायला पाहिजे होतं. हिनं कायतरी खाल्लं म्हणे सकाळी. विसरली असंल. डॉक्टर लई वैतागले." मग त्याने फोन आईला दिला.

"बरी हाईस का?" मी विचारलं.

"मला काय झालंय? सोमवारी हाय म्हणं आता." जरा थांबली. "सोमवारी सकाळी आठला. तू येऊ नको."

मुलीने फोन घेऊन इंग्रजीत आजीला शुभेच्छा दिल्या. आजीने नेहमीप्रमाणे, काय म्हणती, असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता हसली. मी फोन ठेवला तेव्हा मला फक्त सुटल्यासारखं वाटलं. शनिवार टळला. आई विसरभोळी झाली, असं मी बायकोला म्हणालोसुद्धा.

रविवारी सकाळी मी टेबलावर येऊन बसलो. सातला उजवीकडचं दार उघडलं आणि कोरियन साहेब बाहेर आले. मला बघून ते जागच्या जागी थांबले.

"तू इथे काय करतोयस?"

मी समोरच्या फाइलीत डोकं घातलं. रुसवा अजून पुरता गेला नव्हता.

"तू अजून इथे काय करतोयस?" या वेळी भिंत हलली. मग त्यांनी माझ्या टेबलावरचा ट्रे ओढला, वरची दोन ड्रॉइंग बाजूला फेकली आणि खालचा कागद माझ्यासमोर आपटला. माझा फॉर्म. खाली दोन्ही सह्या, दोन्ही शिक्के, गुरुवारची तारीख.

मी गेल्यावर काय झालं ते मला मग कळलं. अडीच वाजता ते जपानी साहेबांच्या खोलीत शिरले होते. दार बंद होतं, बोळात एकाच माणसाचा आवाज येत होता. अर्ध्या तासाने सही घेऊनच ते बाहेर आले. तपासणीचे कागद मी स्वतः घेऊन बसतो, असं त्यांनी तिथे कबूल केलं होतं. तीन वाजता ते फॉर्म घेऊन माझ्या टेबलापाशी आले, तर मी नाही. फोन लावला, बंद. संध्याकाळी पुन्हा लावला, बंद. "मला वाटलं तू विमानात आहेस," ते म्हणाले. "माणूस एवढा घाबरलेला, सरळ विमानतळावर गेला असेल. मी तर शनिवारी चर्चमध्ये तुझ्या आईसाठी मेणबत्तीही लावली."

मी विचारलं, "मग तुम्ही माझ्यावर का ओरडलात?"

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू हा प्रश्न कुणी विचारू शकतो हेच त्यांना नवीन होतं. "परक्यावर कोण ओरडतं?" ते म्हणाले. मग हातातल्या घड्याळाकडे बघितलं. "यल्ला. चल, ऊठ."

डावीकडच्या दारात जपानी साहेब उभे होते. ते खोल वाकले आणि वाकलेलेच राहिले. मी त्या दोघांच्या मधून बाहेर पडलो.

दुपारच्या विमानात जागा नव्हती, संध्याकाळच्या मिळाली. मुंबईहून गाडी केली. साताऱ्याच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं, तिथे दीड तास गेला. त्या गाडीत मी मांडीवर तो मिठाईचा खोका धरून बसलो होतो आणि आठ वाजले तेव्हा आम्ही अजून कराडलाही पोचलो नव्हतो. गाडीचा दरवाजा उघडून पळत सुटावंसं वाटत होतं, आणि पळून तर गाडीपेक्षा लवकर पोचणार नव्हतो. मिरजेला हॉस्पिटलच्या पायऱ्या चढलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. दादा म्हणाला, "आठलाच नेली आत."

बाहेरच्या बाकावर वहिनी होत्या. मी त्यांच्याशेजारी बसलो. मग मीच काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "शनिवारी विसरली म्हणे आई. खाल्लं काहीतरी."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. "विसरत्यात कशाच्या, भावोजी," त्या म्हणाल्या. "तुमच्यासाठी बेदाण्याची पिशवी बांधून आणली होती त्यांनी घरनं, उशाला ठेवली होती. सकाळी नर्स न्यायला आली, तर उठून बसल्या, पिशवी सोडली आन् तिच्यासमोरच एकेक करून खायला लागल्या. नर्स अहो अहो म्हणती, ह्या खातायत. मी हात धरला तर मला म्हणाल्या, आता सोमवारी घेतील न्हवं? तवर येतंय त्ये."

मी समोरच्या भिंतीकडे बघत बसलो. तिथे हात धुण्याच्या सूचना लावल्या होत्या, त्या मी वरपासून खालपर्यंत वाचल्या. दोन परक्या देशांच्या माणसांचे चेहरे वाचून दाखवण्यात मी चार वर्षं शेखी मिरवली होती. आणि माझ्या आईने फोनवर तीनदा येऊ नको म्हटलं, सोमवारी सकाळी आठची वेळ सांगून वर पुन्हा येऊ नको म्हटलं, तरी मला ऐकू आलं नव्हतं. मला रडू आलं. मी ते दाबलं नाही आणि मोठ्यानेही रडलो नाही. वहिनींनी पदर पुढे केला.

ऑपरेशन नीट झालं. मंगळवारी दुपारी तिच्या घशातली नळी काढली आणि संध्याकाळी एकेकाला पाच मिनिटं आत सोडायला लागले. मी टोपी-मास्क घालून गेलो, तरी तिने डोळ्यांवरून ओळखलं. ती फार लहान दिसत होती. आवाज अगदी खोल गेला होता, मला कान तिच्या तोंडापाशी न्यावा लागला.

"कशाला आलास?" ती म्हणाली.

"आई, येऊ नको म्हणालीस की गं तू."

"म्हटलं खरं." तिने डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग डोळे न उघडताच म्हणाली, "जन्मात कधी माझं ऐकलं न्हाईस. ह्याच येळी बरं ऐकलंस."

मी तिचा हात धरून उभा राहिलो. थोड्या वेळाने नर्सने पाच मिनिटं झाल्याचं सांगितलं आणि मी बाहेर आलो.